हवेच्या भरवशावर बांधताना

माजरी म्हटलं की कोळसा आठवतो, नाहीतर नागपूर–बल्लारशा मार्गावरचं जंक्शन, जिथून वणीकडे फाटा फुटतो. इथल्या खाणींच्या आसपास सिव्हिलच्या कामात माझी नोकरी गेली. क्वार्टर, शेड, नाल्या, फॅन हाऊस असं सगळं बांधलं. आता माजरी, भद्रावती, वरोरा या पट्ट्यात लोकांची घरं बांधून देतो. सिमेंट, लोखंड, विटा यांच्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचं आहे ते हवेबद्दल. हवेवर तोललेली छतं असतात, हवेनं भरलेले ठोकळे असतात, पोकळ भिंती असतात, आणि आपल्या जंगलात बांबू तर आहेच. या सगळ्यांशी काम करता करता जे कळलं, ते जसं सुचेल तसं लिहितो.

१. भार हवा घेते, आवरण तिला धरून ठेवतं.

ओपनकास्टमधून, म्हणजे उघड्या खाणीतून, शंभर टनी डंपर भरून वर येताना पाहावा. एवढा डोलारा सहा टायरांवर असतो. पाहणाऱ्याला वाटतं, रबर जाड आहे म्हणून पेलतं. पण त्याच टायरमधली हवा काढा, डंपर रिंगवर बसेल. वजन पेलते ती आतली दाबलेली हवा. टायर जमिनीवर तेवढाच पसरतो, जेवढ्या जागेवर आतला दाब त्या वजनाला पुरा पडेल. रबर आणि त्यातल्या तारा यांचं काम ताण सोसण्याचं.

हवेच्या प्रत्येक बांधकामात हीच जोडी असते, आत दाब आणि बाहेर ताण. कापड उभं केलं तर कोसळतं, पण ओढून धरलं तर माणसाचं वजन सहज पेलतं. हवा आतून ते चारी बाजूंनी सारखं ओढून धरते. हे एकदा डोक्यात बसलं की मोठमोठे हवाई घुमट कोडं वाटत नाहीत.

टायर दुकानातली एक शिस्त इथे सांगायलाच हवी. मोठा टायर भरताना जाणता माणूस तो लोखंडी पिंजऱ्यात ठेवतो आणि स्वतः बाजूला उभा राहतो, कारण लॉक रिंग निखळली तर ती माणूस मारते. पाणी दाबलं तर फारसं आकसत नाही. भांडं फुटलं की दाब लगेच उतरतो. हवा मात्र आकसून ताकद साठवते आणि सुटली की सगळी एकदम परत देते. म्हणून दाबाच्या टाक्या पाण्याने तपासतात. अंडरग्राउंडमध्ये कोळशाचे खांब काढून घेतल्यावर पोकळीवरचं छत मोठ्या तुकड्यात एकदम बसलं, तर तिथली हवा गल्ल्यांमधून अशी सुटते की माणसं उचलून फेकली जातात. खाणवाले त्याला एअर ब्लास्ट म्हणतात. हवेचा विचार करताना मी हा धाक कधी सोडला नाही.

२. पाण्याचा एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक किलो.

अंडरग्राउंड खाणीच्या फॅन हाऊसमध्ये इंग्रजी यू अक्षरासारखी एक काचेची नळी असते, अर्धी पाण्याने भरलेली. तिचं एक तोंड खाणीच्या हवेकडे, दुसरं बाहेर. दोन बाजूंच्या पाण्यात जो फरक दिसतो तो पंख्याचा दाब, खाणीच्या भाषेत वॉटर गेज. आमच्याकडच्या साध्या फॅन ऑपरेटरलाही तो वाचता येतो.

आता त्याच नळीने हवेचं छत मोजून पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, एक किलो. ज्या घुमटाखाली माणसं वावरतात, ज्याला ना खांब ना तुळई, त्याच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण २० ते ३० मिलिमीटर पाण्याइतकाच जास्त असतो. म्हणजे चौरस मीटरला २०–३० किलोंचा आधार. प्लॅस्टिकचा थर दिलेल्या पॉलिस्टरच्या कापडाचं वजन चौरस मीटरला किलोभर. हिशोब तिथेच संपतो. चार इंची काँक्रीटच्या स्लॅबचं नुसतं स्वतःचं वजन चौरस मीटरला २५० किलो असतं, आणि ते पेलायला पुन्हा लोखंड, खांब, पाया. १९८८ साली उघडलेला टोकियो डोम असाच हवेवर आहे. त्याच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.३ टक्के जास्त असतो. आठ-नऊ मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली उतरलो की हवेच्या दाबात जवळपास तेवढाच फरक पडतो. कुणाच्या कानालाही तो कळत नाही.

आणखी एक हिशोब मला फार आवडतो. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद, सरासरी सहा मीटर उंच असा हवाई मांडव घ्या. त्यातली हवा ३,६०० घनमीटर, म्हणजे जवळपास चार टन. त्यावरचं कापड टनभराच्या आसपास. या इमारतीत सर्वांत जड वस्तू हवाच आहे.

ही कल्पना मुळात एका मोटारी बनवणाऱ्या इंग्रज इंजिनियरची. फ्रेडरिक लँचेस्टर याने पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, हवेवर उभ्या राहणाऱ्या लष्करी दवाखान्याच्या तंबूचं पेटंट मांडलं. पण तेवढं हवाबंद आणि मजबूत कापडच तेव्हा नव्हतं. ते आलं तेव्हा, १९४८ मध्ये, अमेरिकेत वॉल्टर बर्ड याने रडारवर झाकायला पहिला मोठा हवाई घुमट उभा केला. पुढे ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानातल्या मानसेहरा इथे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने फुगवता येणारं रुग्णालय नेलं आणि त्यात शस्त्रक्रिया केल्या. लँचेस्टरचा दवाखाना असा ८८ वर्षांनी उभा राहिला.

३. दारं दोन हवीत.

खाणीत ताजी हवा जाण्याची वाट आणि वापरलेली हवा येण्याची वाट यांच्यामध्ये दोन दारं असतात. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही; नाहीतर हवा जवळचा रस्ता धरते आणि पुढे कोळसा काढणारे घुसमटतात. हवाई घुमटाच्या तोंडाशीही असाच दोन दारांचा बोळ लागतो. सगळे एकदम बाहेर पडू पाहतील तेव्हा काय, हा त्यातला खरा प्रश्न. म्हणून संकटाच्या दारांची जागा मी आधी नकाशावर टाकतो, मग आत येण्याच्या दाराची.

४. गळतं ठेवायचं की बंद, हे पहिल्या दिवशी ठरवा.

चंद्रपूरला चैत्रात महाकालीची यात्रा भरते. तिथे मुलांच्या उड्या मारायच्या फुगलेल्या मिकी माऊसमागे पंखा अखंड घोंगावत असतो, कारण शिवणींतून हवा सतत निसटते. पोहण्याची ट्यूब मात्र एकदा भरली की झालं. घुमट पहिल्या जातीचा, कमी दाब आणि सतत पुरवठा. फुगीर नळ्यांच्या कमानी दुसऱ्या जातीच्या. ओसाकाच्या १९७० च्या जागतिक प्रदर्शनात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी होते. अमेरिकेचं दालन हवेवर तरंगत्या चपट्या छताचं, तर युताका मुराता यांचं फुजी दालन चार मीटर जाडीच्या १६ फुगीर कमानींचं. नळीला तुळईसारखं वाकणं सोसायचं असतं, म्हणून तिच्यातला दाब घुमटाच्या कितीतरी पट लागतो, आणि वादळात तो आणखी वाढवायची सोय ठेवावी लागते. नळ्या भरून मांडव टाकला की दारांचा बोळ लागत नाही, पंखा रात्रंदिवस चालवावा लागत नाही. पण एक शिवण उसवली की कमान मोडते. आमच्यासारख्या धुळीच्या, काट्याकुट्यांच्या गावात मी गळक्या जातीच्या बाजूने आहे. घुमट हातभर फाटला तरी पंखा जोर लावतो आणि माणसांना बाहेर यायला भरपूर वेळ मिळतो.

५. वजन गेलं, की वजनाचं काम दुसऱ्याला द्यावं लागतं.

सगळ्यांत जास्त वेळ मला लोकांना हेच समजावण्यात घालवावा लागतो. घराचा पाया म्हणजे खाली जाणारा भार जमिनीत उतरवणारी गोष्ट, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो. एका मिस्त्रीने मला विचारलं होतं, “साहेब, हवेवर घर राहीन कसं?” मी म्हटलं, राहण्याची काळजी करू नका भाऊ, ते जाईल वर, त्याची करा.

वरचाच मांडव घ्या. ३० बाय २० म्हणजे ६०० चौरस मीटर. दाब २५ मिलिमीटर. छताला वर ढकलणारा जोर झाला १५ टन. हा रोजचा, वारा नसतानाचा. हा जोर कडेच्या दोरखंडांतून आणि खुंटांतून जमिनीला खेचतो. म्हणजे इथला पाया दाबला जात नाही, उपटला जात असतो. त्याच्या काँक्रीटचं स्वतःचं वजन आणि त्याने पकडून धरलेली माती, एवढंच कामाला येतं.

त्यावर वारा. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. या वेगाचा दाब मांडला तर चौरस मीटरला जवळपास ११८ किलो येतो. घुमटातला दाब २५. मग घुमट टिकतो कसा? गोलाईवरून वारा बराचसा वरून शोषतो, ढकलतो कमी, आणि ते शोषण दोरखंडांवर येतं. वाऱ्याचा अंदाज आला की आतला दाबही वाढवतात. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी आभाळ पिवळं पडतं आणि दहा मिनिटांत टिनं उडतात, हे ज्याने पाहिलं आहे त्याला सांगावं लागत नाही की खर्च कापडावर कमी आणि खुंटांवर जास्त झाला पाहिजे. थंड देशांत शत्रू वेगळा. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या मेट्रोडोमचं हवेवरचं छत १२ डिसेंबर २०१० रोजी साचलेल्या बर्फाने फाटून आत बसलं.

हलकेपणाची हीच गोष्ट साध्या घरालाही लागू होते, आणि आमच्या भागात तर फारच. वर्धा नदीच्या काठाकडची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर जड भिंत निदान आपल्या वजनाने मातीला थोडी दाबून तरी ठेवते. हलक्या ठोकळ्यांचं एकमजली घर उथळ पायावर बांधलं तर पहिल्या पावसाळ्यात माती त्याला कोपऱ्यातून उचलते, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग जाते. मालक म्हणतो, हलकं बांधलं तरी कसं फाटलं? मी म्हणतो, हलकं बांधलं आणि पाया तोच ठेवला म्हणून. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी अंडर-रीम पाइलची पद्धत रूढ केली. खाली घेर असलेले हे खांब मातीच्या फुगण्या-आकसण्याच्या थराखाली जाऊन रोवले जातात आणि घराला धरून ठेवतात. म्हणजे घुमटाचे खुंट आणि हे पाइल, दोघांचं काम एकच: घर जाग्यावर ठेवणं. भेगा टाळायला आणखी एक: जवळपास ओपनकास्टचं ब्लास्टिंग असेल तर प्लिंथ आणि लिंटेलला सलग पट्टा मी सोडत नाही.

६. आमच्याच कोळशाची राख, आणि बाकी हवा.

या इलाख्यातला कोळसा चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात जळतो आणि मागे राखेचे डोंगर सोडतो. या राखेचा मला कळलेला सर्वांत चांगला उपयोग म्हणजे तिच्यात हवा कोंडणं.

महाराष्ट्रात जुने मिस्त्री हलक्या पांढरट ठोकळ्याला आजही ‘सिपोरेक्स’ म्हणतात. हे नाव स्वीडनमधून आलं. १९२४ च्या सुमारास योहान अक्सेल एरिक्सन या स्वीडिश वास्तुविशारदाने असा ठोकळा बनवण्याची कृती शोधली. ती आपल्याकडे रुजवण्यात मोठा वाटा वाईजवळच्या पसरणीच्या बाबुराव शिर्के यांचा. त्यांच्या उद्योगसमूहाने स्वीडिश तंत्रज्ञान घेऊन १९७० च्या दशकात पुण्यात हे ठोकळे आणि छताच्या सळईदार फळ्या बनवायला सुरुवात केली. शेतकरी घरातल्या माणसाने त्या काळात असल्या सामानावर पैसा लावला, याचं मला आजही मोल वाटतं. विटेचं वजन हाच तिचा भरवसा, असं मानणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी पोकळ माल विकून दाखवला.

कृती ऐकण्यासारखी आहे. राख, चुना, सिमेंट, थोडं जिप्सम आणि पाणी यांच्या पातळ काल्यात अगदी चिमूटभर ॲल्युमिनियमची भुकटी टाकतात. चुन्याशी तिचा संबंध आला की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि काला इडलीच्या पिठासारखा साच्यात वर येतो. थोडा घट्ट झाला की तारेने कापतात आणि मोठ्या बंद टाकीत सुमारे १९० अंशांच्या वाफेत, वातावरणाच्या बारापट दाबाखाली, काही तास शिजवतात. तोवर हायड्रोजन निघून जातो आणि त्याच्या जागी साधी हवा शिरते. तयार ठोकळ्याचं वजन घनमीटरला ५५० ते ६५० किलो, पक्क्या विटेच्या साधारण तिसरा हिस्सा. आकारमानाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग हवा.

आता कामाच्या गोष्टी. हा ठोकळा विटेसारखा पाण्यात बुडवून ठेवू नका. पृष्ठभाग ओला केला की पुरे. जाड सिमेंट-रेतीचा मसाला त्याला मानवत नाही, कारण तो मसाल्यातलं पाणी ओढून घेतो. पाकिटातला चिकटमसाला दोन-तीन मिलिमीटर लावा. गिलाव्याआधी काँक्रीटच्या खांबाशी जिथे सांधा येतो तिथे जाळी मारा. पाण्याची टाकी, जड कपाट, झोपाळा यांचे हूक ठोकळ्यात मारू नका, काँक्रीटमध्ये मारा. आणि ताजा, गरम माल घेऊ नका. तो सुकताना आकसतो, ते आकसणं आपल्या भिंतीत व्हायला नको. कारखान्याच्या आवारात होऊन जाऊ द्या.

राख वापरण्याची सक्ती सरकारने १९९९ मध्ये केली. तेव्हा ती वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांना होती. २०१६ पर्यंत ती ३०० किलोमीटरवर गेली. आमच्याकडे सक्तीची गरजच नसावी. राख दाराशी आहे.

७. उन्हाला अडवते ती थांबलेली हवा.

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७–४८ अंशांवर जातो, तेव्हा भिंतीचं खरं काम भार घेण्याचं राहत नाही, ऊन बाहेर ठेवण्याचं असतं. थांबलेल्या हवेतून उष्णता विटेच्या मानाने वीस-पंचवीस पट सावकाश जाते. अट एकच, हवा थांबलेली हवी. पोकळी रुंद केली की आतली हवा फिरू लागते, तापलेल्या बाजूची उष्णता उचलून गार बाजूला नेऊन सोडते, आणि फायदा तिथेच अडकतो. म्हणून राखेच्या ठोकळ्यातले मिलिमीटरभर बुडबुडे एका मोठ्या पोकळीपेक्षा बरे.

तरी पोकळ भिंतीला माझा विरोध नाही. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली रॅट-ट्रॅप बाँडची भिंत म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून मध्ये तीन-एक इंचांची पोकळी सोडणं. नऊ इंची भिंतीत पाव हिस्सा विटा वाचतात. आमच्या भट्ट्यांच्या वेड्यावाकड्या विटांनी ती जमत नाही; राखेच्या साच्यातल्या विटांनी सुरेख जमते. जोत्याचा, खिडकीखालचा, लिंटेलचा आणि माथ्याचा थर मात्र भरीव ठेवा.

छतातही हे जमतं. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट ताण घेत नाही, सळई घेते. तिथलं काँक्रीट थोडं काढून कवेलू किंवा पालथी मडकी बसवली तर छत हलकंही होतं आणि गारही. भद्रावतीत तर कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभारलेला ग्रामोदय संघ आहे, मातीकामाची मोठी परंपरा आहे. इथल्या घरांच्या छतात इथली मडकी जावीत असं मला मनापासून वाटतं. स्लॅबखाली उघड्या तोंडांची मडकी दिसली की लोक आधी नाक मुरडतात. उन्हाळ्यातली एक दुपार त्याखाली काढली की नंतर बोलत नाहीत.

८. बांबूतली हवा कुठे ठेवायची, कुठे भरायची.

कटांग बांबूची पोकळी मोठी. आपल्या कोरड्या रानातला मानवेल बराचसा भरीव. दोघांची कामं वेगळी. वाकणं सोसण्यात पोकळ नळी त्याच वजनाच्या भरीव दांड्यापेक्षा सरस, कारण जो माल मधोमध पडून राहिला असता तो कडेला गेलेला असतो. पेऱ्याचा पडदा ती नळी चपटू देत नाही. पण जिथे बोल्ट घालायचा तिथे पोकळी घात करते, बांबू चिरतो. तेवढ्या पेऱ्यात सिमेंटचा पातळ मसाला भरतात, आणि सांधा नेहमी गाठीजवळ घेतात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे; तरुण मिस्त्रींनी तिथली कामं जाऊन पाहावीत.

९. वीज गेली तर?

माजरी-वरोऱ्याकडे कुणी हवाई मांडवाचं विचारलं, लग्नाचा हॉल म्हणून, खेळाचं मैदान झाकायला म्हणून, तर कापडाचा भाव मी शेवटी सांगतो. आधी विचारतो: पंखे दोन आहेत का, दुसरा आपोआप सुरू होतो का, जनरेटर कुठे आहे, त्यात डिझेल कोण टाकतं. एकेरी कापड उन्हात भट्टी होतं, म्हणून दुहेरी कापड घेणार का. पाण्याची ती नळी दारापाशी लावणार का, आणि रात्री ती पाहायला कोण असेल. खाणीतला पंखा बंद पडला तर कुणाला उठवायचं हे फॅन हाऊसच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. मांडवाच्या मालकाकडेही तशी यादी मागतो. ती आली की खुंटांचे खड्डे आखायला घेतो.